लाँचमधला ओळंबा

आधीच सांगून ठेवते, मी भुताखेतांना भीक घालणारी बाई नाही. शेजारी कुणाच्या अंगात आलं की मी सरळ उठून घरी यायचे. सासूबाई चिडायच्या, "तुझ्या जिभेला काही हाड आहे का गं?" नाहीच मुळी. ऐंशी उलटली तरी नाही. तुम्ही मंडळी इथे जे लिहिता ना... पिंपळाखाली पांढरी साडी, वळून बघितलं तर कुणी नाही... ते नात मला वाचून दाखवते आणि मी हसते. शेवटी तीच म्हणाली, "आजी, मग आजोबांचं सांग की." म्हणून सांगतेय. ती टाईप करतेय, चुका झाल्या तर त्या तिच्या.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. आम्ही मूळ राजापूरकडचे, पण लग्न झालं आणि डोंबिवलीला आलो. कोपर गावाच्या अलीकडे दोन खोल्या होत्या. आता तिथे स्टेशन झालंय, बिल्डिंगला बिल्डिंग चिकटलीय. तेव्हा नुसती भातशेती, आणि शेतं संपली की खाडी. सासूबाई गावाला असायच्या, इथे आम्ही दोघंच.

आमचे हे सुतार. नाव घेत नाही, सवय नाही... नात हसतेय, हसू दे. यांचा हात फार चांगला. ठाण्या-कल्याणच्या वकील-डॉक्टरांच्या घरची कपाटं यांनी केलेली. आणि यांचा जीव कशात, तर ओळंब्यात! दोरीला पितळेचं टोकदार वजन बांधलेलं असतं ना, गवंडी-सुतार टांगून बघतात, भिंत सरळ आहे की झुकलीय... तो ओळंबा. सासऱ्यांकडून आलेला. दसऱ्याला सगळ्या हत्यारांच्या आधी त्याला हळदकुंकू. "डोळा फसवतो, ओळंबा फसवत नाही," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की एकदा वैतागून विचारलं, "मला बघायला आलात तेव्हा आणला होतात का खिशात?"

"आणला होता की," म्हणाले. "जरा वाकडी निघालीस. म्हटलं, चालवून घेऊ."

असा माणूस.

तर ठाण्याच्या एका कारखानदारांनी एक जुनी लाँच घेतली. नाव सांगत नाही, त्यांची माणसं अजून आहेत. आपण शेठ म्हणू. शेठ तिला 'यॉट' म्हणायचे, बाकी सगळे लाँच. कुणा गोऱ्या साहेबाने हौसेनं बांधून घेतलेली, मग लढाईत सरकारने ओढून नेली, आतलं सगळं उपटून टाकलं आणि वरून खालपर्यंत करडा रंग फासला. शेठनी ती खाडीतून कल्याणपर्यंत ओढत आणली आणि दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी काठावर चढवून ठेवली. तिथे होड्या बांधणारे कारागीर होते. बाहेरचं अंग त्यांनी दुरुस्त केलं. आतलं काम, म्हणजे निजायचे बाक, कपाटं, टेबलं, दारं, हे शेठनी यांना दिलं. गाद्या आणि पडदे शिवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मशीन माझं होतं आणि हे म्हणाले, "हिच्याइतकी सरळ शिवण कुणाची नाही." तोंडावर म्हणाले नाहीत बरं का, शेठजवळ म्हणाले.

पहिले दिवस मोठे छान गेले. हे करडा रंग खरवडायचे तर खालून बर्मा टीक, म्हणजे ब्रह्मदेशी साग, निघायचं, असं तांबूस, तुपासारखं तुळतुळीत. घरी आले की लाखेचा आणि स्पिरिटचा वास. मी मापं घ्यायला जायचे. डोंबिवलीहून गाडीने कल्याण, पुढे टांगा. लाँचमधल्या पडद्यांना वर एक आणि खाली एक अशा दोन सळया लागतात, नाहीतर ती हलली की पडदा तोंडावर येतो, हे मला तिथेच कळलं. मला दिवस गेलेले होते, सातवा लागत होता, म्हणून शिडीवर चढताना हे खाली उभे राहायचे आणि वर बघून ओरडायचे, "सावकाश गं, दोघं आहात!"

लाँचमध्ये मधली खोली मोठी होती आणि पुढच्या टोकाला एक छोटी. गडबड त्या छोट्या खोलीत.

एक दिवस मी गेले तर हे त्या खोलीत मांडी घालून बसलेले. समोर छताच्या खिळ्याला ओळंबा टांगलेला. मला म्हणाले, "ये. काही बोलू नकोस. नुसती बघ."

ओळंबा तिरका होता.

हलत नव्हता हो. स्थिर. पण खाली सरळ यायच्या ऐवजी डावीकडे गेलेला, वाऱ्याने ढकलून धरल्यासारखा. वारा कुठला, गोल खिडक्या सगळ्या बंद. मी म्हटलं, "लाँचच कलली असेल."

"मधल्या खोलीत सरळ लटकतो. हाशाला विचार."

हाशा तांडेल म्हणजे कल्याणचाच आगरी माणूस, लाँच चालवायला शेठनी ठेवलेला. तो दारात उभा होता, आत पाऊल टाकत नव्हता. "बोट सरल हाय वैनी. मी बाहेरून पान्याची नली लावून लेवल बगलीय, दोनदा. या खोलीनच कायतरी हाय. मना नाय बरा वाटत."

मी म्हटलं, तुम्हा पुरुषांचं काहीतरीच. खाली वाकून टेप काढायला गेले तर पिशवीतलं दोऱ्याचं रीळ पडलं. पडलं आणि निघालं डावीकडे. फळ्या डोळ्याला अगदी सपाट, आणि रीळ आपलं गडगडत जाऊन डाव्या भिंतीला टेकलं. मी उचलून परत ठेवलं. परत गेलं. तेवढ्यात माझं डोकं असं गरगरलं की मी यांचा खांदा धरला. डोळे सांगतायत मी सरळ उभी आहे आणि पाय सांगतायत मी घसरतेय... कसं सांगू, तसं मला पुन्हा कधी झालं नाही. यांनी मला बाहेर आणून बसवलं. होड्यांच्या कारागिरांपैकी एक म्हातारा म्हणाला, पोटुशी बाई, त्यात स्पिरिटचा वास, होणारच. मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

घरी आल्यावर आमचं वाजलं. मी म्हटलं, "टाका तो ओळंबा पेटीत. त्या खोलीत सगळं डोळ्याने लावा आणि मोकळे व्हा."

"डोळ्याने भाजी चिरतात," हे म्हणाले. "लाकूड ओळंब्याने लागतं."

होड्या बांधणारे ओळंबा वापरतच नाहीत, हे हाशाने यांना किती समजावलं. बोट आज इकडे कलते, उद्या तिकडे. तिला कसला ओळंबा? ते लोक बोटीच्या मधल्या रेघेवरून मापं घेतात. पण हे पडले घरं बांधणारे सुतार. तीस पिढ्या भिंती उभ्या करणारे! यांनी काय केलं, त्या खोलीतलं सगळं ओळंब्याबरहुकूम लावलं. उजव्या भिंतीशी कपाट, त्याच्या शेजारी निजायचा एक छोटा बाक. ओळंबा तिरका, म्हणून सगळंच तिरकं. कपाट भिंतीवर रेलल्यासारखं. बाकाचा भिंतीकडचा काठ खाली आणि आतला काठ वर. सांधे असे की केस जाणार नाही, पॉलिश आरशासारखं... आणि सगळं वाकडं! मला हसावं की रडावं कळेना.

शेठ बघायला आले, बरोबर शेठाणी आणि त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी, बेबी. पाहुणेही होते चार. शेठनी खोलीत डोकं घातलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस्त्री, घेतलीय काय?"

यांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. ओळंबा दाखवायला गेले तर शेठ म्हणाले, "गुंडाळा ती दोरी. हे सगळं उद्याच्या उद्या सरळ पाहिजे." पाहुणे हसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण मी आपली पडद्याला हूक लावत बसले.

आणि ती बेबी तेवढ्यात त्या बाकावर चढून आडवी झाली. म्हणाली, "पपा, हे नाही काढायचं. हेच सरळ आहे. बाकी सगळं वाकडं आहे."

सगळे पुन्हा हसले. शेठनी उचलायला हात पुढे केला तर ती काठाला धरून रडायला लागली. एकुलती एक, लाडाची. शेवटी शेठ म्हणाले, बरं, तेवढा बाक राहू दे, कपाट सरळ करा. मी शेठाणीच्या सांगण्यावरून त्या बाकासाठी काथ्याची गादी शिवली, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, म्हणजे वरून सपाट दिसेल. बेबीने ती ओढून खाली टाकली. तिला फळीवरच निजायचं होतं.

कपाट यांनी दुसऱ्या दिवशी सरळ केलं. डोळ्याने. त्या दिवशी जेवले नाहीत. रात्री मला म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा खोटं काम केलं गं मी."

मग पहिल्या फेरीचा दिवस ठरला. कल्याणहून निघायचं, डोंबिवलीवरून मुंब्र्याकडे, पुढे घोडबंदर. शेठचं कुटुंब, पाहुणे, खाणंपिणं. नवीन लाकूड पाण्यावर फुगतं, दारं अडकतात, म्हणून शेठनी यांना बरोबर बोलावलं. हे लगेच हो म्हणाले.

"जाऊ नका," मी म्हटलं.

"का?"

"मला बरं वाटत नाही."

"तुला त्या खोलीत बरं वाटत नाही. तुला कुठे नेतोय मी?"

"तुम्ही पण त्या खोलीत जायचं नाही."

तेव्हा हे हसायचे थांबले. म्हणाले, "अगं, ती पोर त्या खोलीत निजणार आहे. मी चुकलो की ओळंबा चुकला, हे एकदा पाण्यावर बघितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. येतो संध्याकाळी." ओळंबा खिशात घातला. मी दारात उभी राहून म्हटलं, "या हं. दोघं वाट बघतोय." हे शेवटचं बोलणं.

लाँच आमच्या काठावरून जाणार होती, म्हणून मी दुपारी खाडीवर गेले. आली. काय दिसत होती! पांढरी शुभ्र, पितळ झळझळतंय. हे मागच्या बाजूला उभे होते, मला बघून घडीची फूटपट्टी पूर्ण उघडली आणि झेंड्यासारखी हलवली. मी पदर हलवला. शेजारची म्हणाली, "काय गं, नवरा साहेब झाला की तुझा!" आम्ही हसत घरी आलो.

मी भाकरीचं पीठ मळत होते तेव्हा खाडीतून रेती काढणारा, मोठागावचा एक रेतीवाला पळत आला.

काय झालं ते मला नंतर हाशाने सांगितलं. खाडी मुंब्र्याकडे वळते तिथे रेतीत जुना खांब रुतलेला होता, भरतीच्या पाण्याखाली गेलेला. लाँच त्याच्यावर चढली, फाटली आणि डाव्या अंगावर कलली. सगळे वर बसलेले होते, ते पाण्यात पडले. रेतीच्या होड्या जवळ होत्या म्हणून एकेक जण निघाला. शेठाणी किंचाळत होती, "बेबी आत आहे!" बेबी जेवून त्या पुढच्या खोलीत निजायला गेली होती. हे बाहेर आलेले होते हो... हाशाने डोळ्यांनी बघितलं, यांचे पाय बाहेरच्या फळ्यांवर होते, हातात होडीचा दोर होता. शेठाणीचं ऐकलं आणि दोर सोडून आत गेले.

लाँच कललेलीच राहिली आणि आत पाणी चढत गेलं. हाशाने आणि रेतीवाल्यांनी छताची काचेची झडप फोडली. आत बघतात तर काय, डावी बाजू सगळी पाण्याखाली आणि बेबी उजवीकडे त्या बाकावर बसलेली. कोरडी. अंगावरचा फ्रॉकसुद्धा भिजला नव्हता. पाणी बाकाच्या काठाला येऊन थांबलं होतं. लाँच एवढी कलली होती की माणूस उभा राहू शकत नव्हता, आणि तो बाक... तो बाक पाटासारखा सपाट होता. पोर इंचभर घसरली नव्हती. तिच्या समोर ओळंबा टांगलेला, बाकाच्या पायाला अगदी धरून, सरळ.

पोरीला काढलं. हे दिसले नाहीत. ओहोटी लागून पाणी उतरलं तेव्हा दिसले. ते कपाट, डोळ्याने सरळ केलेलं, लाँच कलल्यावर भिंतीतून उपटून यांच्या अंगावर आलं होतं.

आता समजलं ना? ते कपाट आधी होतं तसं तिरकं असतं, तर त्या घटकेला ते सरळ उभं राहिलं असतं. ओळंब्याने लावलं ते राहिलं. डोळ्याने लावलं ते पडलं.

बेबीने शेठाणीला सांगितलं ते शेठाणीने मला येऊन सांगितलं, माझ्या पायाशी बसून. पोर जागी झाली तेव्हा हे पाण्यात उभे होते, कमरेपर्यंत. तिला म्हणाले, "हलू नकोस, बाळ. हे सरळ आहे." मग छताला ओळंबा लावला, बघितला आणि म्हणे हसले. "बघ, तू आणि मी बरोबर होतो." आणि मग मोठा आवाज झाला.

यांना अग्नी दिल्यावर मी हाशाला म्हटलं, मला त्या खोलीत जायचंय. सगळे ओरडले, या अवस्थेत, वेड लागलंय का हिला. मी कुणाचं ऐकलं नाही. ओहोटीला, भर दुपारी, चिखलातून फळ्या टाकून हाशाने मला नेलं. या खेपेला तोही आत आला. सगळीकडे गाळ, माझे पडदे वर-खाली दोन्ही सळयांना तसेच ताणलेले. मी त्या बाकाला धरून उभी राहिले. पायाखालची फळी घसरगुंडीसारखी होती, आणि तरी त्या खोलीत मला पहिल्यांदाच गरगरलं नाही. डोकं शांत. मी पिशवीतून रीळ काढलं आणि बाकावर आडवं ठेवलं.

हललं नाही. मी किती वेळ बघत होते. हललंच नाही.

मग मात्र मी जी ओरडले... पोटातलं पोर उडालं म्हणतात तसं उडालं.

लाँच तिथेच मोडून टाकली. महिन्या-दीड महिन्याने मुलगा झाला, तोंडावळा यांचाच. बेबी मोठी झाली, लग्न होऊन लांब गेली. मी मशीनवर संसार रेटला, रेटला म्हणजे काय, चांगला केला. लोकांनी मला कारणं खूप सांगितली. खोलीत लोहचुंबक असेल म्हणाले. ओळंबा पितळेचा होता, पितळेला चुंबक चिकटत नाही एवढं मलाही कळतं. लाँचचं लाकूड पिळवटलं असेल म्हणाले. असेल, पण मग ओळंबा का तिरका होईल? आणि बरोब्बर तेवढाच? लाँच कुठे फुटणार, कुठल्या अंगावर पडणार, किती कलणार, हे आधी महिनाभर त्या खोलीला कुणी सांगितलं? तुमच्यात कुणी शिकलेलं असेल तर नातीला लिहा, मी वाचून घेईन.

ओळंबा माझ्याकडे आहे. कुठेही टांगा, सरळ लटकतो. दर दसऱ्याला अजून मी त्याला हळदकुंकू लावते आणि दर दसऱ्याला त्याला शिव्या घालते. म्हणते, मेल्या, तुला एवढं कळत होतं, त्या शेठच्या पोरीला वाचवायचं कळत होतं, तर माझ्या माणसाला 'जाऊ नको' एवढं नीट सांगता आलं नाही तुला? मग पुसून, तेल लावून परत पेटीत ठेवते. ते असते तर त्यांनीही तसंच ठेवलं असतं.